नांगरलेली होडी वादळात पाण्याने भरली तर काय करायचं?

होडी पाण्याने भरली म्हणजे बुडाली असं नव्हे. चार-पाच मीटरची लहान होडी काठोकाठ भरली तरी बऱ्याचदा पाण्याच्या पातळीला तरंगत राहते. लाकूड मुळातच तरंगतं आणि फायबरच्या पुष्कळ लहान होड्यांत बैठकींखाली फोम किंवा हवाबंद कप्पे असतात. किनाऱ्यावरून नुसता काठ आणि इंजिनाचं टोपण दिसत असलं तरी ती होडी बहुधा तशीच आणखी दिवसभर राहील.

खरं नुकसान होतं ते नंतरच्या घाईत. कोणी तशा वाऱ्यातच होडीवर जायला निघतं. कोणी भरलेली होडी दोर लावून वर ओढतं आणि पुढची कडी फायबरच्या तुकड्यासकट उपटून हातात येते. कोणी भिजलेलं इंजिन “बघू तर, चालू होतंय का” म्हणून दोरी खेचतं. पहिल्यात जीव जाऊ शकतो, दुसऱ्यात होडी आणि तिसऱ्यात इंजिन. म्हणून नव्या होडीवाल्याने आधी कामांचा क्रम डोक्यात बसवावा.

वारा पडेपर्यंत किनाऱ्यावरच थांबा

अर्धी भरलेली होडी वरून स्थिर दिसते, पण ती फसवी असते. आतलं पाणी परातीतल्या पाण्यासारखं ज्या बाजूला कल मिळेल तिकडे एकदम धावतं. तुम्ही काठावर पाय ठेवलात की ती बाजू दबते, सगळं पाणी तिकडे येतं आणि होडी तुमच्यासकट उलटते. जितकी रुंद आणि मोकळ्या पोटाची होडी, तितका हा धोका जास्त. त्यात लाटा असतील तर चांगला पोहणाराही दोर, जाळं आणि उलट्या होडीखाली अडकू शकतो. होडी गेली तर दुसरी येईल, एवढंच इथे सांगतो.

होडी धक्क्याला बांधलेली असेल तर धक्क्यावर उभं राहून होईल तेवढं जरूर करा: ताणलेला दोर थोडा सैल करा, जास्तीचा दोर लावा, धक्का आणि होडी यांच्यामध्ये फेंडर, म्हणजे टक्कर झेलणारे फुगीर गोळे, सोडा. पण होडीला धक्क्यावरून वीजजोड दिलेला असेल तर सर्वांत आधी धक्क्यावरचा स्विच बंद करा. भिजलेल्या वायरींमधून आजूबाजूच्या पाण्यात वीज उतरू शकते, आणि अशा पाण्यात उतरलेल्या माणसाचे स्नायू आखडून तो बुडतो. हा धोका गोड्या पाण्यात विशेष असतो.

वाट पाहण्याचा वेळ वाया जात नाही. होडीचे फोटो काढा, वेळेसकट. विमा असेल तर ते उपयोगी पडतात, आणि विमा कंपनीला काम सुरू करण्याआधीच फोन करून ठेवा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा. होडी पाण्यात कशी पडली आहे ते नीट बघा: मागची बाजू खाली गेली आहे का, एका कुशीवर कलली आहे का, की सपाट बसली आहे. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसत असेल तर इंधन बाहेर पडतंय. बंदराच्या लोकांना कळवा. तवंगावर साबण किंवा डिटर्जंट टाकू नका. त्याने तेल नाहीसं होत नाही, फक्त विखरून खाली जातं आणि जास्त घातक होतं. तेल शोषणारे पॅड मिळतात, ते वापरा.

पाणी आलं कुठून?

हे आधी ठरवायला हवं, कारण वरून आलेलं पाणी उपसलं की काम संपतं, पण खालून येणारं पाणी तुम्ही उपसत असतानाही येतच राहतं.

लहान उघड्या होड्या बऱ्याचदा पावसानेच भरतात, आणि नव्या माणसाला ते पटत नाही. हिशोब करून पाहा. चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद उघड्या होडीचं तोंड साधारण पाच चौरस मीटर धरा. १०० मिलिमीटर पाऊस पडला की आत ५०० लिटर पाणी, म्हणजे अर्धा टन. सात-आठ माणसं होडीत बसवून वादळात सोडून दिल्यासारखंच ते झालं. होडी तेवढी खाली बसते, मग एरवी काठाला लागून जाणारी लाट आत यायला लागते, आणि पुढचं काम समुद्र करतो. स्वतःहून पाणी बाहेर टाकणारी भोकं असलेल्या होडीचंही तेच: वजनाने मागची बाजू दबली की तीच भोकं पाण्याखाली जातात आणि पाणी उलटं आत येतं.

दुसरा मार्ग मागून. इंजिनासाठी मागची फळी कापून खाली केलेली असते. होडी मागून बांधलेली असेल किंवा वाऱ्याने फिरून तिची पाठ लाटेकडे झाली असेल तर पाणी तिथूनच येतं. तिसरा मार्ग खालून: पाणी काढायच्या भोकाचं बूच निघालेलं, पाइपाचा क्लॅम्प गंजून तुटलेला, फळ्यांमधली सांध उघडलेली. चौथा मार्ग जरा चोरटा आहे. पंपाच्या नळीचं तोंड पाण्याच्या पातळीजवळ असेल, तर होडी थोडी दबली की पंप बंद असताना त्याच नळीतून पाणी मागे येतं.

होडी समुद्रात असेल तर एक सोपी परीक्षा आहे: आतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावा. गोडसर लागलं तर पाऊस, खारट लागलं तर समुद्र. पाण्यावर तेल असेल तर अर्थातच हा प्रयोग नको.

खालून येणाऱ्या पाण्याचा वेग किती असतो याचा अंदाज असू द्या. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटीमीटरवर २५ मिलिमीटर व्यासाचं भोक पडलं तर मिनिटाला ४० लिटरच्या वर पाणी येतं. लहान होडीतल्या पंपावर ताशी १,९०० लिटर असं छापलेलं असतं, म्हणजे मिनिटाला जेमतेम ३२. तेही नळी सरळ, उंची शून्य आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर. प्रत्यक्षात नळीला वाकणं असतात, पाणी वर चढवावं लागतं आणि आकडा बराच खाली येतो. तेव्हा पंप आहे म्हणून भोकाची काळजी नाही, असं समजू नका.

सोबत काय न्यायचं

दोन मजबूत बादल्या, प्रत्येकीला दोरी बांधलेली. नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत एक बादली वाहून जाते. हातपंप. वेगवेगळ्या जाडीच्या मऊ लाकडाच्या निमुळत्या खुंट्या, जुनी कापडं, धारदार सुरी, दोन लांब दोर, जास्तीचं बूच. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, तेही बांधलेलं. एकट्याने जाऊ नका, आणि किनाऱ्यावर एका माणसाला परत कधी येणार ते सांगून जा. पेट्रोलवर चालणारा पंप मिळाला तर उत्तम, पण तो मदतीच्या होडीत ठेवून चालवा; भरलेल्या होडीच्या पोटात इंधनाची वाफ असू शकते.

काठ अजून पाण्याच्या वर असेल तर

वाऱ्याला तोंड करून, सावकाश जवळ जा. पाण्यात सुटलेले दोर शोधा, ते तुमच्या पंख्यात गेले तर दोन होड्या अडकतील. जिथे काठ सर्वांत उंच आहे तिथे हात लावा. होडीत लगेच चढू नका.

बसल्या जागेवरून आधी वजन काढून घ्या. नांगर, इंधनाची टाकी, सामानाची पेटी, जे हाताशी येईल ते आपल्या होडीत. मागची बाजू दबलेली असेल तर तिथलं वजन आधी. लहान आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून लावलेलं, इंजिन सहज सुटत असेल तर त्याला आधी दोर बांधा आणि मग क्लॅम्प सैल करा. ३० किलो मागून उतरले की काठ लगेच बोटभर वर येतो, आणि अशा वेळी बोटभर उंचीही फार मोलाची असते. पेट्रोलचा वास येत असेल तर कोणताही स्विच लावू नका, काढूही नका. आधी वारा खेळू द्या.

मग आपल्याच होडीत बसून बादलीने उपसा सुरू करा. सुरुवातीला बादलीसारखं काही नाही. दहा लिटरची बादली मिनिटाला दहा वेळा रिकामी केली तर १०० लिटर पाणी जातं, जे लहान पंपाला जमत नाही. पण हा वेग कोणालाच फार वेळ टिकत नाही, म्हणून पाच-पाच मिनिटांनी माणूस बदला. पाणी निम्म्यावर आलं, होडी हलवल्यावर आतलं पाणी काठापर्यंत उसळेनासं झालं, की एकाने आत उतरायचं: मधोमध, गुडघ्यांवर, अंग खाली ठेवून. उभं राहायचं नाही.

तळ दिसायला लागला की हातपंप घ्या. उरलेलं पाणी फळ्यांच्या आणि बैठकींच्या मागे लपलेलं असतं, ते स्पंजने टिपावं लागतं. मग थांबा. पाण्याच्या कडेला आतून पेन्सिलची खूण करा आणि दहा मिनिटं काही न करता बसा. खूण पाण्याखाली गेली तर भोक आहे. बूच, पाइपांचे जोड, सुकाणूची बैठक, मागच्या फळीचे स्क्रू या क्रमाने बघा. सापडलं की खुंटीला कापड गुंडाळून आतून दाबून बसवा. भिजल्यावर मऊ लाकूड फुगतं आणि पकड घट्ट होते. किनाऱ्यापर्यंत जायला एवढं पुरतं, त्यापुढे मात्र त्यावर भरवसा ठेवू नका.

काठ पाण्याखाली गेला असेल तर

इथे उपसून काही होणार नाही; एक बादली बाहेर टाकाल तोवर लाट तीन आत टाकेल. आधी होडी वर उचलायची आणि मग उपसायची.

चांगली गोष्ट ही की पाण्याखाली होडी वाटते तेवढी जड नसते. ३०० किलोच्या फायबरच्या होडीचं पाण्याखालचं वजन १००-१२० किलोच्या आसपास भरतं, आत फोम असेल तर त्याहून कमी. म्हणजे हवेने भरलेल्या ५० लिटरच्या तीन ट्यूबसुद्धा तिला काठापर्यंत आणू शकतात. ट्यूब रिकाम्या असताना बैठकींखाली सरकवा, घट्ट बांधा, आणि मग पंपाने हवा भरा. ५० लिटरची ट्यूब जवळजवळ ५० किलोच्या जोराने वर ढकलते. बांधलेली नसेल तर गोळीसारखी निसटते, तोंडावर बसली तर दात पाडेल. दोन्ही बाजूंना सारख्या ठेवा. एका टोकाला जास्त उचल मिळाली की होडी कुशीवर वळते. हे काम उथळ, शांत पाण्यात, उभं राहता येईल अशा ठिकाणीच करा. खोल पाण्यात ते पाणबुड्याचं काम आहे.

भरती-ओहोटी असेल तिथे याहून सोपा उपाय आहे, आणि मला विचाराल तर शक्य तिथे तोच करा: होडी हळूहळू ओढत आडोशाच्या, वाळूच्या उताराच्या किनाऱ्याला न्या, ओहोटीने तिला जमिनीवर बसू द्या, आणि बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेलं की बूच काढा. होडी स्वतःच रिकामी होते. भरती पूर्ण झाल्यानंतर तास-दोन तासांनी, पाणी उतरत असताना तिला टेकवा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या अगदी माथ्यावर टेकवलीत तर पुढची भरती तिथवर पोचणार नाही आणि होडी पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरवडाभर, वाळूत बसेल. दोन्ही कुशींना टेकू द्या. बूच काढलं की खिशात नको, होडीलाच बांधून ठेवा. पाणी परत चढायच्या आत ते बसवायचं आहे.

ओढताना दोर पुढच्या टोकाला, खालच्या कडीला बांधा, वरच्या खुंटीला नाही. वरून ओढलं की पुढचं टोक पाण्यात घुसतं. वेग माणसाच्या चालण्यापेक्षा कमी. भरलेल्या होडीत कोणीही बसायचं नाही. आत दीड टन पाणी असलं तर तुम्ही थांबलात तरी ती थांबत नाही, सरळ तुमच्या पाठीवर येते. म्हणून दोर लांब ठेवा. ताणाखालीही सुटेल अशी गाठ मारा आणि सुरी हाताशी असू द्या.

ट्रेलरवर घेताना किंवा क्रेनने उचलताना एकच नियम: पाणी निथळेल तेवढ्याच वेगाने वर घ्या. होडीच्या कड्या रिकाम्या होडीच्या वजनासाठी बसवलेल्या असतात, टनभर पाण्यासाठी नाही. थोडं ओढा, थांबा, बूचाच्या भोकातून येणारी धार बारीक होऊ द्या, मग पुन्हा ओढा.

इंजिन

पाण्यात असेपर्यंत इंजिन तसं सुरक्षित असतं. मीठ आणि हवा एकत्र आली की गंज धरायला लागतो, म्हणजे घड्याळ सुरू होतं ते बाहेर काढल्यावर. म्हणून बाहेर काढण्याआधीच मेकॅनिकशी बोलून ठेवा. दोन-तीन तासांत काम सुरू होणार नसेल तर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवणं उघड्यावर ठेवण्यापेक्षा बरं. ऐकायला विचित्र वाटतं, पण जुने मेकॅनिक हेच करतात.

इंजिन चालू असताना पाण्यात गेलं असेल तर काही करू नका, थेट मेकॅनिककडे न्या. सिलिंडरमध्ये पाणी ओढलं गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, आणि आतला दांडा वाकलेला असू शकतो. बंद असताना बुडालेलं साधं कार्बोरेटरचं आउटबोर्ड मात्र तुम्ही वाचवू शकता.

आधी टोपण काढून गोड्या पाण्याने भरपूर धुवा. बॅटरीच्या वायरी सोडा, आपत्कालीन बंद करण्याची चावी काढून ठेवा. स्पार्क प्लग काढा आणि प्लगची भोकं खाली येतील असं इंजिन आडवं करा. आता फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हाताने, तेही नेहमीच्याच दिशेने, हळू फिरवा. भोकांतून पाणी पिचकारीसारखं येईल. फिरवताना कुठे अडलं किंवा करकर आवाज आला तर तिथेच थांबा. आत वाळू आहे. कार्बोरेटरची वाटी, इंधनाची नळी आणि टाकी रिकामी करा, जुनं पेट्रोल परत वापरू नका. फोर-स्ट्रोक असेल तर तेलाची पट्टी ओढून बघा: तेल पांढुरकं, फेसाळ दिसलं म्हणजे पाणी मिसळलंय. ते काढा, नवीन भरा, इंजिन थोडं चालवा, पुन्हा काढा. तेल स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीनदा बदलावं लागतं. सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून, कोरडे प्लग बसवून, थंड करणारं पाणी जोडून इंजिन सुरू करा आणि अर्धा-एक तास चालू द्या. उष्णतेनेच आतला ओलावा जातो. खालच्या गिअरपेटीचं तेलही तपासा. तळाचा स्क्रू किंचित सैल केला की आधी पाणी येतं की तेल, ते कळतं.

आतली डिझेल इंजिनं आणि इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणालीची नवी आउटबोर्ड इंजिनं यांना हात लावू नका.

बॅटरी खाऱ्या पाण्यात बुडाली असेल तर क्लोरीन वायू तयार होऊ शकतो. बंद कप्प्यात डोकं घालण्याआधी झाकणं उघडून वारा जाऊ द्या. वायरींचं म्हणाल तर वरून धुऊन वाळवल्या तरी खारं पाणी आवरणाच्या आतून तांब्यावर चढलेलं असतं. जोड कापून बघा. तांबं काळं-हिरवं दिसलं तर लखलखीत दिसेपर्यंत मागे कापत जा. आपोआप फुगणारी लाइफ जॅकेट भिजून उघडली असतील तर त्यांचं सिलिंडर आणि विरघळणारी गोळी बदलल्याशिवाय ती परत वापरू नका.

पुन्हा बांधताना

दोर आखूड असेल तर लाटेबरोबर होडीचं पुढचं टोक वर येऊ शकत नाही आणि लाट सरळ आत येते. वादळात पाण्याची पातळीही चढते: हवेचा दाब २० हेक्टापास्कल उतरला तर तेवढ्यानेच समुद्र सुमारे २० सेंटीमीटर वर येतो, वाऱ्याने ढकललेलं पाणी वेगळं. दोर नायलॉनचा घ्या, तो ताणला जातो आणि झटके पचवतो. एकाऐवजी दोन लावा, दुसरा थोडा लांब, म्हणजे पहिला तुटल्यावरच त्यावर भार येईल. दोर तुटतो तो बहुतेक वेळा मध्ये नाही, काठावर घासतो तिथे. तिथे जुन्या अग्निशामक पाइपाचा कापडी तुकडा चढवा. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या नळीत नायलॉन घासून तापतो आणि आतूनच वितळतो. बोयाखालच्या (होडी बांधायच्या तरंगत्या खुणेखालच्या) शॅकलची, म्हणजे पिनेने बंद होणाऱ्या कडीची, पिन तारेने बांधून टाका. होडी पुढच्या टोकानेच बांधा, म्हणजे ती वाऱ्याबरोबर फिरून लाटेला तोंड देते.

वरून ताडपत्री हवी, पण ती तंबूसारखी, मधे आडवा बांबू देऊन, दोन्हीकडे उतार ठेवून. सपाट ताणलेल्या ताडपत्रीत आधी पाण्याचं तळं होतं आणि मग ती सगळ्या पाण्यासकट फाटून आत कोसळते. पंपाला फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा) असेल तर हंगामाआधी तो हाताने उचलून पंप सुरू होतोय का ते पाहा. बहुतेक वेळा त्याखाली कचरा अडकलेला सापडतो. पंपाची नळी काठापर्यंत उंच नेऊन मगच बाहेर काढा. ६० अँपिअर-तासाची बॅटरी अडीच अँपिअर घेणाऱ्या पंपाला कागदावर २४ तास पुरते, पण निम्म्याखाली उतरवली तर खराब होते, तेव्हा १२ तासच धरा. दोन दिवसांचं वादळ येणार असेल तर तेवढी बॅटरी पुरणार नाही, आणि मग इंजिन उतरवून होडी जमिनीवर ओढून घेणं हाच शहाणपणाचा मार्ग. जमिनीवर घेतली की बूच काढायला विसरू नका.